चंद्रकलेला पाणी आणायला धाडणाऱ्या बाई

लाखांदूर, ता. १२ ऑगस्ट १९७९

आनंदाबाई मास्तरीणबाईले रुखमिणीचा नमस्कार.

आमची चंद्रकला वर्गात घडीभर बसत नव्हती. तुम्ही तिले घडीघडी पाणी आणाले, घंटी वाजवाले उठवत होत्या. मले वाटलं, माझ्या पोरीले मोलकरीण करून राहिल्या.

तुमच्या मागून आलेल्या गुरुजीनं तिले छडी मारून बसवलं. ती नापास झाली. घरी मीपण मारलं.

परवा ती धडा वाचताना चुळबुळ करत होती. माठ रिकामा होता, म्हणून मी तिले विहिरीवर धाडलं. परत येऊन तिनं अख्खा धडा वाचला. तवा मले तुमचं पाणी समजलं. आता माठ भरला असला तरी मी तिले धाडते.

बाई, तुमची बदली झाली तवा पोरगी यष्टीमागं फाट्यापर्यंत धावली. तुमची बदली करा म्हणून गेलेल्या अर्जावर अंगठा माझा होता.

मले लिहिता येत नाही, हे पत्र चंद्रकलाच लिहून राहिली. अंगठ्याचं तिले आताच समजलं. तवापासून ती जागची हलली नाही, माझ्याकडे पाहत नाही. पत्र टपालात टाकणं तिच्याच हाती आहे. माठ रिकामा आहे, पण पाणी आण म्हणाले माझं तोंड उघडत नाही.

तुमची अपराधी,
रुखमिणी