माझ्यावर पूर्णतः अवलंबित

६ जानेवारी २०२५, सोमवार

तक्ता आला! इन्कम टॅक्सचा. दरवर्षी संक्रांतीच्या तिळाआधी येतो. वेळेत भरून दिला नाही तर फेब्रुवारीच्या पगारातून सगळा कर एकदम कापतात, मग बसा महिनाभर हात चोळत.

उत्तमसिंग सर आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचे तक्ते करून देतात. स्वतःची शाळा सांभाळून, फुकट. चहा तेवढा आपला. कोणाचा विमा किती, कोणाच्या सासूचं ऑपरेशन कधी झालं, सगळं त्यांना पाठ. माझा कागद बघून म्हणाले, "मॅडम, बाकी ठीक हाये. भावाचं मात्र अडून राह्यलं."

भावाचं म्हणजे एक रकाना – 'अवलंबित दिव्यांग व्यक्ती'. पाच वर्षं त्यात मी संघर्षचं नाव लिहिते. पंच्याहत्तर हजार उत्पन्नातून वजा होतात, करात पंधरा हजार सहाशे वाचतात. घराच्या कर्जाचा एक हप्ता निघतो. यात खोटं काहीच नाही. विजेच्या लाइनच्या ठेकेदाराकडे असताना तो खांबावरून पडला, पायात सळई आहे, बावन्न टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे. माझ्या घरी राहतो, त्याचं सगळं मीच करते. फक्त या रकान्याचं त्याला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात, असं म्हणता म्हणता पाच वर्षं गेली.

प्रमाणपत्राची मुदत गेल्या मार्चमध्ये संपली. नवीन काढायला हवं. शिवाय यंदा ऑफिसला शपथपत्र पाहिजे – भाऊ अवलंबित असल्याचं. एका रकान्यामागे दोन कागद. करू.

८ जानेवारी

प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन भरला. तीन वेळा साइट बंद पडली. यवतमाळच्या दवाखान्याची तारीख मिळाली ती ७ फेब्रुवारीची. पाठ दुखते. आई म्हणते तेल लाव. कोण लावणार, आणि कधी!

१० जानेवारी, शुक्रवार

शाळेतून आले तो संघर्ष दारातच उभा. काठी भिंतीला टेकलेली, हा बिनकाठीचा! "ताई, मले काम भेटून राह्यलं!"

पुंडलिकरावांच्या जिनिंगमध्ये. वजनकाट्यावरचा माणूस सोडून गेला. कापसाची गाडी काट्यावर चढली की कॉम्प्युटरवर वजन घ्यायचं आणि पावती काढून द्यायची. बसून काम. महिना अकरा हजार. "आयटीआय झालेला पायजे म्हणे. मी म्हणलं, मी हाये ना!"

आईनं पदर डोळ्याला लावला. मी "वा!" म्हणाले. तोंडानं म्हणाले, आणि डोक्यात तेवढ्यात रकाना उघडला. भाऊ कमावता झाला तर तो अवलंबित कसा? उत्तमसिंग सरांना फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "मंग शपथपत्र खोटं होते मॅडम. मार्चपर्यंत कमावता नसला तं भानगड नाई."

लाज वाटली. लाज वाटूनही गणित थांबलं नाही.

११ जानेवारी

पुंडलिकरावांचा फोन आला. मलाच! त्यांची नात माझ्या वर्गात आहे ना. "मॅडम, जमन का त्याले? आठ घंटे बसा लागते. तुम्ही म्हणान तं सोमवारपासून घेतो."

मी म्हणाले, "पुंडलिकराव, मार्च झाल्यावर घ्या. त्याचं दवाखान्याचं चालू आहे, तेवढं होऊ द्या."

दवाखान्याचं आहेच. खोटं नाही बोलले. संघर्षला मात्र सांगितलं, की ते एप्रिलपासून ये म्हणाले. हे खोटं.

तो "बरं" म्हणाला आणि काठी घेऊन विहाराकडे गेला.

१६ जानेवारी

तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडून शपथपत्र करून आणलं. घाईत वाचलं नाही. टेबलावर ठेवून हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात संघर्षनं उचललं. म्हटलं, कधीतरी कळणारच होतं. त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली – "माझा सख्खा भाऊ संघर्ष हा माझ्यावर पूर्णतः निलंबित आहे."

निलंबित!

टायपिंगवाल्याची बोटं. शिक्षकाचं काम म्हटलं की त्याच्या हातून हाच शब्द पडत असणार. आईला काही कळेना, ती घाबरली – "कोण निलंबित झालं वं? तू?" मला हसू आवरेना. किती महिन्यांनी एवढी हसले. संघर्षही हसला. मग म्हणाला, "बरोबर लिवलं त्यानं. निलंबित म्हंजे काय? काढत बी नाई, कामावर बी घेत नाई. घरी बसवून अर्धा पगार देते. माहं तेच तं हाये."

मी म्हटलं, "अरे, अवलंबित लिहायचं होतं."

"हाव, पण फरक काय ताई?"

मग सगळं सांगावं लागलं. रकाना, पंच्याहत्तर हजार, पंधरा हजार सहाशे. तो ऐकत होता. म्हणाला, "माह्या पायाचे पैसे भेटून राह्यले, अन् मलेच माहीत नाई! पाच वर्षांपासून? काहून नाई सांगतलं?"

कागदाची घडी नीट करून त्यानं माझ्या हातात दिली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी

शपथपत्र दुरुस्त करून आणलं. टायपिंगवाला म्हणतो, "एकच अक्षर तं चुकलं मॅडम." पैसे दुसऱ्यांदा घेतले.

२४ जानेवारी, शुक्रवार

पुंडलिकराव नातीला न्यायला शाळेत आले होते. मी एप्रिलचा विषय काढला. ते बघतच राहिले. "काट्यावर केळापूरकडचा एक जण लावला मी. तुम्ही म्हणता मार्च झाल्यावर. मार्च संपला का आमचं जिनिंग बंद होते मॅडम! तवा कापूस कुठं राह्यते?"

चौदा वर्षं राळेगावात नोकरी करते. आई आमची कापूस वेचून घर चालवायची, वेचलेला कापूस टाकायला ती कमरेला ओटा बांधायची, त्या झोळीत बसून मोठी झाले. मला हे कळू नये? नोकरी लागल्यापासून माझं वर्ष एप्रिल ते मार्च. कापसाचं दसऱ्याला सुरू होतं आणि होळीला आटोपतं. हे मी विसरले! पोरांना पिकांचे हंगाम शिकवते मी, पाचवीला.

संघर्ष एप्रिलची वाट बघतोय. काल त्यानं काटा कसा चालतो त्याचे व्हिडिओ मोबाइलवर पाहिले. वहीत लिहूनही घेतलं.

सांगितलं नाही अजून.

१ फेब्रुवारी, शनिवार

बजेट. शिक्षकांच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ. बारा लाखांपर्यंत कर नाही! नव्या पद्धतीत, आणि पुढच्या वर्षापासून. उत्तमसिंग सरांचा मेसेज – "आता माझी पेन्शन सुरू." नव्या पद्धतीत वजावटीचे रकानेच उरत नाहीत म्हणे. विमा नाही, सासू नाही, भाऊ नाही.

म्हणजे हा सगळा खटाटोप एका शेवटच्या वर्षासाठी. पंधरा हजार सहाशे, एकदाच. तिकडे तीन महिन्यांचे अकरा-अकरा हजार धरले तर तेहेतीस होतात. हे मला तेव्हाही दिसत होतं. वर्गाला गणितही मीच शिकवते. मग का अडवलं?

थकले. झोपते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

सकाळी यवतमाळ. दवाखान्यात रांग, मग दुसरी रांग. डॉक्टर तरुण, शांत. त्यांनी संघर्षचा गुडघा वाकवून बघितला, टेप लावून मापलं, चालायला लावलं, जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी धरली. व्यायाम कोणता करतो विचारलं. हा म्हणाला, रोज पहाटे गच्चीवर. मला माहीतच नव्हतं! डॉक्टर खुशीत म्हणाले, "छान सुधारणा आहे. आता छत्तीस टक्के येतंय."

आणि मी म्हणाले, "सर, चाळीस तरी ठेवा ना."

निघालं तोंडातून! चाळीसच्या खाली गेलं की वजावट नाही, हे उत्तमसिंग सरांनी बजावलं होतं, तेच डोक्यात. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे काय मार्क आहेत का?" मी पुन्हा म्हणाले, "चारच टक्क्यांचा प्रश्न आहे सर." निकालाच्या वेळी पाचवीच्या पोरांचे बाप माझ्यासमोर असेच उभे राहतात – दोन मार्क देऊन टाका मॅडम, पोरगं निघून जाईल. मी त्यांना झापते. ते निदान पोरगं पास व्हावं म्हणून मागतात.

संघर्ष शेजारी होता. पँट गुडघ्याच्या खाली सोडत होता. मान वर केली नाही त्यानं.

भाऊ बरा होतोय हे ऐकून वाईट वाटलं मला. हे खरं आहे. कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. बाबाराव – आमचे बाबा – असते तर त्यांनी अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले असते.

डॉक्टर म्हणाले, निकाल मान्य नसेल तर फेरतपासणीचा अर्ज करता येतो. मी तिथल्या तिथं केला! खिडकीवरून फॉर्म आणला, भरला, सहीसाठी त्याच्यापुढे धरला. त्यानं सही केली. तारीख १८. परत येताना कळंबपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

९ फेब्रुवारी

रविवार. त्यानं भांडी घासली. सांगितलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

तो जिनिंगवर जाऊन आला. काटा एकदा डोळ्यानं बघून यावा म्हणून गेलता म्हणे. पुंडलिकरावांनी सगळं सांगितलं असणार. घरात आला, पाणी पिला, तांब्या जागेवर ठेवला.

"ताई, तू म्हणली मार्च झाल्यावर?"

"हो."

"पंधरा हजारांसाठी? मी तेहेतीस आणले असते ना वं. गणित तं तुले येते."

मी म्हटलं, "पुन्हा पडलास तर?" म्हटलं, "आठ तास बसून पाय सुजला तर कोण बघणार?" म्हटलं, "मी काय माझ्यासाठी केलं?" एकामागून एक. आई मधे पडली तर तिच्यावरही ओरडले.

तो म्हणाला, "मी पडलो तवा चोवीसचा होतो. आता तीसचा हावो. तू अजून मले स्ट्रेचरवरून उतरवून राह्यली." मग दाराशी जाऊन थांबला. "तुले पैसे नाई वाचवाचे होते ताई. तुले मी घरात पायजे होतो."

खरं बोलला. एक्केचाळीस वर्षांची झाले. लग्न केलं नाही. आधी बाबांचं आजारपण, मग याचं. लोक विचारतात तेव्हा सांगते, भावाचं बघावं लागतं. तो चालायला लागला, कमवायला लागला, तर मी काय सांगू लोकांना? हा प्रश्न पाच वर्षं पोटात आहे आणि मी त्याला वजावट म्हणत आले.

खूप रडले. आईनं पाठीला तेल लावलं, काही न विचारता.

१३ फेब्रुवारी

त्याचा डबा भरून ठेवला तर म्हणाला, "मले कुठं जाचं हाये?" मग हसला थोडा.

१५ फेब्रुवारी

बारावीच्या परीक्षेच्या बैठ्या पथकात नाव लागलं माझं. अठरालाही ड्युटी. बदलून मागितली, नाही मिळाली. संघर्ष म्हणतो, "मी जातो एकटा. यवतमाळ काय लंडन हाये का?" सहा वर्षांत एकटा गेलेला नाही. जाऊ दे म्हटलं. उत्तमसिंग सरांना कळवलं, कागद अठराच्या संध्याकाळी देते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दिवे लागल्यावर आला. फेरतपासणी झालीच नाही. खिडकीवर जाऊन त्यानंच अर्ज मागं घेतला. "छत्तीस हाये तं छत्तीसच राहू द्या म्हणलं." उरलेला दिवस कामं शोधत फिरला. मोटार रिवायंडिंगच्या एका दुकानात काम मिळालं. एक तारखेपासून तिथंच राहणार, खोलीही बघून आला. येताना कंडक्टर ओळखीचा, अपंगांच्या सवलतीचं तिकीट फाडत होता. यानं सांगितलं, "फुल द्या." ते तिकीट आईला दाखवत होता, आईला वाचता येत नाही तरी. मी बाई म्हणून एसटीत अजून अर्ध्याच तिकिटावर जाते.

उत्तमसिंग सरांना मेसेज टाकला – रकाना रिकामा ठेवा.