दोन सूत पाठीची सुरी

मरोळ,
शुक्रवार, १४ मार्च १९८६

प्रिय सुगंधा,

तुझ्या मैत्रिणीने, वनमालाने, तुझी चिठ्ठी मंगळवारी शेडच्या दाराशी आणून दिली. तीन महिन्यांनी तुझं अक्षर दिसलं. आधी नुसता वास घेतला कागदाचा, हसू नकोस. मग उघडली. मला वाटलं शिव्या असतील, कुठे मेला होतास म्हणून. तर तू विचारतेस काय, दादाला रानात न्यायला दुसरी सुरी हवी आहे, पहिली पातळ होती ती मोडली, या वेळी जाड पात्याची करशील का, आणि बाहेरच्या कामाला खरंच जाड बरी की पातळ? कमाल आहे यार तुझी. पण तू विचारलंस आणि मी सांगितलं नाही असं कधी झालंय? सगळं सांगतो. फक्त टायपिंगच्या क्लासात वाचू नकोस, घरी तर नकोच. हेही वनमालाच्याच हाती देतोय, तिच्याकडे माळ्यावर बसून वाच.

कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस, चंदू, तुझं डोकं म्हणजे उघडा स्टोव्ह. खरं आहे. त्या पोराने नोटीस बोर्डावरची स्कॉलरशिपची यादी वाचून माझ्या नावापुढे जे म्हटलं, ते तूही ऐकलंस. त्याचे दोन दात पडले, त्याचं मला आजही काही वाटत नाही. माफी लिही म्हणाले, मी कागद फाडला आणि सेकंड इयर बीकॉम तिथेच संपलं. मग मरोळला धाकूमामाच्या शेडमध्ये साणेवर, धारेच्या फिरत्या दगडाशी, उभा राहिलो. म्हातारा मालवणचा लोहार. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे कोयते आणि सुऱ्या करतो. त्याने मला जात विचारली नाही, गावही विचारलं नाही. हात पुढे कर म्हणाला, तळवा दाबून बघितला आणि म्हणाला, लेखणीचो हात आसा, पण चलात.

त्याचं पहिलंच वाक्य मला पाठ आहे, पातळ पातां रांदपाक, जाड पातां रानाक. घरात सुरीखाली फळी असते. समोर कांदा असतो, फार तर पापलेट असतो. तिथे पातळ पातं लोण्यासारखं शिरतं. बाहेर फळी नसते गं. बाहेर बांबूची गाठ असते, सुकलेला खैर असतो, मागे दगड असतो. सुरी कशावर जाऊन बसेल ते सांगता येत नाही. पातळ पातं जोरात आत जातं खरं, पण जरा तिरकं झालं की मोडतं. जाड पातं टोमॅटोचा चेंदा करील, पण वरून दगडाने ठोकलंस तर ओंडका फाडून खाली येईल. आम्ही जाडी पाठीवर मोजतो, सुतात. दोन सूत म्हणजे साधारण पेन्सिलीएवढी जाड पाठ. रानात नेण्याच्या सुरीला मामा दोन सुतांच्या खाली उतरू देत नाही.

आता नोव्हेंबर आठव. तुझा दादा शेडवर आला. सहदेव, माझ्याकडे, आपण होऊन! स्टुलावर बसला, कटिंग प्यायला, म्हणाला आमचा ग्रुप कान्हेरीच्या मागे जातो, तिथेच लाकूड तोडून मटण शिजवतो, एक झकास सुरी पाहिजे. मामा भट्टीकडून ओरडला, दोन सूत! मी मान हलवली आणि केली अर्ध्या सुताची. का, ते तुला कळेल. जाड सुरी दिसायला खाटकाची. मला वाटलं, तुझ्या घरचं पहिलं माणूस माझ्याकडे काहीतरी मागतंय. त्याने हातात घेताक्षणी म्हणावं, पोरगा कारागीर आहे, घरी बोलवायला हरकत नाही. तीन दिवस साणेवर पाठ उतरवत होतो. मनगटावरचे केस निघाले, वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला. मुठीला पुढे आडवी पट्टीही लावली नाही, नाजूकपणा जाईल म्हणून. मामाने बोटाने वाजवून बघितली आणि थुंकला. म्हणाला, ह्यां पातां सासरवाडीक दाखवूक केलंस, रानाक न्हय.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी सहदेवने मला बोलावलं. चल की, बघू तुझी सुरी कशी चालते. मी तुला आवडणारा आकाशी शर्ट घातला. बोरिवली स्टेशनबाहेर चिकू घेतले. ग्रुप मागून येतोय म्हणाला. लेणी मागे पडली, ओढ्याच्या कडेने आत गेलो, ग्रुप काही आला नाही. माझ्या डोक्यात काही आलंच नाही बघ. मी आपला बडबडत होतो, तापल्या पात्याला पाणी कसं देतात, धार कशी बसते. त्याने एका सुक्या बांबूवर दोन घाव घातले. दुसरा गाठीवर बसला आणि धारेतून तांदळाएवढा टवका उडाला. लाज वाटली मला. हात पुढे केला, म्हटलं, सहदेवदादा, द्या इकडे, परत लावून देतो.

त्याने मागच्या खिशातून माझं पत्र काढलं. मी दिवाळीत तुला लिहिलेलं. म्हणाला, आणि ही धार कोणाच्या घरात लावतोस रे? मग म्हणाला, कॉलेजात शेजारी बसवलं म्हणून आमच्या घरात पाटावर बसायचंय काय तुम्हाला? तेव्हाही मी पुढे केलेला हात नुसता मागे घेतला. खरंच. मग त्याने ते पत्र ओढ्यात फेकलं आणि तुझ्याबद्दल एक शब्द बोलला. तो मी लिहिणार नाही.

पहिला हात मी उचलला, सुगंधा. हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. नाकावर मारला, हाड कचकलं ते मुठीला कळलं. तो खाली बसला, उठला तो सुरी घेऊनच. वरून मारली. मी मान वळवली म्हणून गळा चुकला, गळ्याखालच्या आडव्या हाडावर बसली. टक्क. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज. टोक मोडून माझ्यात राहिलं आणि सुरी जागच्या जागी थांबली. पण त्याचा हात थांबला नाही. पुढे पट्टी कुठे होती? मूठ सोडून हात तसाच धारेवर घसरत गेला, माझ्याच धारेवर. दोन बोटं आतून उघडली. दोघेही आपापलं रक्त बघत उभे राहिलो, एक क्षण. मग तो मोडकी सुरी घेऊन पळाला आणि मी हाताला लागेल तो दगड त्याच्या पाठीवर मारत राहिलो. दोन बसले. तिसराही बसला असता, पण डोळ्यांपुढे अंधारी आली.

तुझ्या दादाने घरी सांगितलं, कारखान्यात लेथवर हात गेला. मी बोरिवलीच्या डॉक्टरला सांगितलं, ग्राइंडरवर पातं फुटून उडालं. एकमेकांना न विचारता दोघेही मशीनच्या नावाने खोटं बोललो. माझ्या मोठ्या भावाला, भाऊरावला, संशय आला. तो म्हणत होता, नाव सांग, आत्ता चौकीत जाऊ. मी नाही म्हटलं. तू समजशील मी तुझ्यासाठी गप्प बसलो. नाही. पोलिसांना दिला असता तर तो पोलिसांचा झाला असता. मला तो माझा हवा होता.

डॉक्टरने काढलेलं टोक मामाने तळव्यावर घेऊन बघितलं, दीड इंच भरलं. माझ्याकडे बघून म्हणाला, माझा ऐकून दोन सूत केलं असतंस, तर आज चौघांक तुका उचलूचो लागलो असतो. आणि हसला, म्हातारा. मीही हसलो, तर टाके ओढले. काय पण आयुष्य आहे. सगळ्यात वाईट काम केलं, त्यानेच वाचलो.

जानेवारीत एका हाताने कमानपाटा तापवायला घेतला. मामा म्हणाला, मी घण मारूचंय नाय ह्येका. मीच मारला. दोन सूत पाठ, पुढे पितळेची आडवी पट्टी, भरगच्च मूठ. पाणी दिलं. सुरीने खिळा तोडला, धारेवर ओरखडा नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत लाकडी ठोकळ्यावर मारून बघायचो. ठोकळ्याला मी नाव दिलं होतं, कोणतं ते तुला माहीत आहे.

गेल्या रविवारी ती सुरी पेपरात गुंडाळून, पिशवीत घालून चारकोपला आलो. हो, तुमच्या गल्लीत. सकाळी दहा वाजता. नळावर बायका होत्या. पिशवीत हात घालून, मूठ धरून मी तुमच्या दारापर्यंत आलो, पंधरा पावलं राहिली असतील. सहदेव ओट्यावर बसला होता आणि तू त्याच्या शर्टाची बटणं लावत होतीस. त्याची दोन बोटं सरळच राहतात, तीही मी बघितली. तो काहीतरी बोलला, तू त्याच्या डोक्यात टपली मारलीस. दया आली असं म्हणणार नाही, खोटं लिहून काय उपयोग. जळलो. माझा हात गळ्यात बांधलेला होता तेव्हा माझी बटणं आई लावायची आणि मला वाटायचं तू असतीस तर. आणि तू ती बटणं त्याला लावत होतीस. तरी पिशवीतून हात बाहेर आला नाही. तू खाली वाकली होतीस, तुझी वेणी पुढे आली होती, आणि मूठ सुटली. मागे खाजणात गेलो आणि एका वठलेल्या झाडावर ती सुरी तळव्यांची साल निघेपर्यंत चालवली. झाड आडवं झालं. पात्याला टवकाही नाही.

मंगळवारी तुझी चिठ्ठी आली. तिच्या शेवटच्या ओळींचा विषय मी अजून काढला नव्हता. तू लिहिलंस, दादाच्या बोटांमुळे बारीक मूठ धरता येत नाही, जाड कर. दादा म्हणतो येत्या रविवारी सकाळी नऊला चंदूलाच सुरी घेऊन कान्हेरीला येऊ दे, मागच्यासारखे दोघंच जाऊ. आणि पुढे लिहिलंस, दादा हल्ली तुझ्याबद्दल चांगलं बोलतो रे. वेडे, ते वाचून तुला केवढा आनंद झाला असेल, तो मला अक्षरातून दिसत होता. पण सुगंधा, त्याला काय हवंय ते मला माहीत आहे, आणि मी ती दोन सुतांची सुरी घेऊन जाणार आहे. न जाणं मला जमणार नाही, तू मला ओळखतेस. या लिफाफ्यात कापसात गुंडाळलेलं ते टोक आहे. मोडकी सुरी दादा टाकू देत नाही, असं तूच लिहिलंस. तिला लावून बघ, बसलं की मग माझ्या कुठल्याच शब्दाची गरज नाही. आणि रविवारी तूही ये. त्याला न सांगता ये, नऊच्या आधी, कान्हेरीच्या फाटकाशी उभी राहा. तू समोर असलीस की माझा हात उठत नाही, हे मी चारकोपला बघितलंय, आणि तुझ्यासमोर त्याचाही उठणार नाही. तू दिसलीस तर सुरी मी तुझ्या हातात देईन, मग ती विहिरीत टाक नाहीतर घरी नारळ फोड. नाही दिसलीस, तर आम्ही दोघं आत जाऊ. मागच्या वेळी पातं पातळ होतं म्हणून दोघेही परत आलो.

तुझाच,
चंदू