अश्वगंधेचा डबा

मुलुंड,
३ ऑगस्ट २०१९

चि. देवव्रत यास अनेक आशीर्वाद.

महिनाअखेरीस तुझ्या वडिलांचे वर्षश्राद्ध आहे, आणि तुझा निरोप आला की मला जमणार नाही, विधी काकांनी करावा. तू एकुलता एक मुलगा, मी धाकटा भाऊ. मुलगा असताना भावाने पिंड द्यावेत, यास शास्त्रात आधार निघेलही. मला कारण हवे. बोरिवलीहून मुलुंडला रस्ता आहे, तुझी रजा शिल्लक आहे. उरते ती अनिच्छा. तीच असेल तर तसे लिही. वकिली सोडली तरी मौनाचा अर्थ लावण्याची सवय सुटलेली नाही.

काकू रोज विचारते, पोराला आमचे काही लागले का. अळूवडीची पाने तिने शेजारच्या मालनबाईंकडे आत्ताच सांगून ठेवली आहेत. फोन मात्र करू नकोस. ती तो स्पीकरवर ठेवून कणीक मळते. गोळ्या मी दिलेल्या अश्वगंधेच्या डब्यातच ठेवतोस ना? तुझा आजार घरात माझ्याखेरीज कोणास ठाऊक नाही, व तेच इष्ट.

उत्तर मुद्देसूद असावे, एवढीच अपेक्षा.

तुझा काका,
श्यामसुंदर


बोरिवली,
८ ऑगस्ट

ती. काकांस सा. न. वि. वि.

मुद्देसूद लिहितो. एच.आय.व्ही.ची ती गोळी माझ्यावर चालेनाशी झाली आहे. तपासणीत विषाणू वाढलेला निघाला. त्याची जनुकं वाचली, तेव्हा औषधाला दाद न देणारे बदल सापडले. गोळ्या चुकल्या का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणालो, आणि थोड्या वेळाने हो म्हणालो.

बाबा गेले तेव्हा दिवस होईपर्यंत मी तुमच्याकडे होतो. क्रिया धरलेल्याने शक्तीचं औषध घेऊ नये म्हणून काकूने डबा उचलून माळ्यावर ठेवला. तिचं काही चुकलं नाही. डब्यावर तेच छापलं होतं. त्या एका गोळीत तीन औषधं असतात. गोळी अचानक थांबली की दोन लवकर उतरतात, तिसरं रक्तात एकटंच रेंगाळतं, आणि विषाणू त्याला चुकवायला शिकतो. पुढे घरी पाहुणे असले की मी स्वतःच डबा उघडेनासा झालो.

डॉक्टरांना माझा नमुना देशभरच्या एका अभ्यासासाठी हवा होता. आपल्याकडे बहुतेकांत विषाणूचा एकच उपप्रकार असला तरी तो माणसागणिक बदलत जातो. कुठे कोणतं औषध निकामी होतंय, ते अशा नमुन्यांतून कळतं. माझ्याकडचा विषाणू दुसऱ्या कुणाला लागला, तर त्याची गोळी पहिल्या दिवसापासून फुकट जाऊ शकते. माझं नाव जाणार नाही, नुसता क्रमांक जाईल. मी सही केली. तेव्हा लाज वाटली ती आजाराची नव्हे, त्या डब्याची.

नव्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या आहेत. म्हणजे तुमच्या पंगतीत, सगळ्यांदेखत. म्हणून येत नाही. काकूला सगळं सांगितलंत तरी माझी हरकत नाही. मला तिच्यापुढे तोंड उघडवत नाही.

काकूने डबा नेला तेव्हा तुम्ही समोर पेपर वाचत होता. मी तुमच्याकडे पाहिलं होतं, काका.

पानं वाया जाऊ देऊ नका.

देवव्रत


मुलुंड,
१४ ऑगस्ट

चि. देवव्रत यास आशीर्वाद, ते देण्याचा अधिकार उरला आहे असे धरून.

तू पाहिलेस, हे मी पाहिले होते. त्या वेळी मनात मांडणी केली ती अशी: गुप्ततेचे वचन दिले आहे, बोलणे म्हणजे वचनभंग, म्हणून न बोलणे हेच कर्तव्य. मांडणी निर्दोष होती. तिच्यात तू तेवढा नव्हतास. आणि वचन तरी कोणी मागितले होते? तू आजार सांगितलास, मागितले काहीच नाहीस. वचन मी देऊ केले, डबाही मीच आणला. लोक काय म्हणतील ही भीती तुझ्याआधी माझी होती.

काल तुझ्या काकूस, जयंतीस, सर्व सांगितले. तिने प्रथम गॅस बंद केला. डबा माळ्यावर जात असताना मी कोठे होतो, असे विचारले. समोरच, असे मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, तिला अडाणीच ठरवायचे होते तर लग्नातच सांगायचे, इतकी वर्षे तिने उगाच वर्तमानपत्रे वाचली. आज सकाळचा चहा मी करून घेतला.

श्राद्ध मी करणार नाही. तू आल्याखेरीज पिंड वळले जाणार नाहीत. गोळ्यांची बाटली आण, तिच्यावरील नावासह, आणि पानाशेजारी ठेव. कोणी विचारल्यास सांगायचे की नाही, हे तू ठरव. या खेपेस माझ्या हातात वर्तमानपत्र नसेल.

लोभ ठेव असे लिहिण्याचे धैर्य आज नाही. ये.

श्यामसुंदर

ता. क. देवव्रत, पत्र वाचूनच पाकिटात घालतेय. डबा मागितला असतास तर दिला असता रे, कशाला हवाय हेसुद्धा विचारलं नसतं. नव्या गोळीबरोबर काय चालत नाही ते आधी कळव, अळूवडीत चिंच असते. तुझं पान माझ्या शेजारी.
काकू