शुक्रवारचं ब्रिस्केट

प्रिय डॅरेल,

तुझं पत्र मिळालं. हे माझं पत्र तुझ्या हाती पडण्याआधी तुरुंगातला कुणी साहेब उघडून वाचणार, हेही मला ठाऊक आहे. वाचू दे बापड्याला. सुट्टीच्या दिवशी घरी तो ब्रिस्केट, गाईच्या छातीचा तो मोठा तुकडा, वातड करत असेल, तर त्याचा फायदाच होईल. तू लिहितोस, आई, महिनाअखेरच्या शुक्रवारी सुटतोय, मला न्यायला येऊ नकोस. बाहेर पडलो की बस धरून परस्पर मिडलँडला जाईन, तिथं तेलाच्या विहिरींवर काम बघेन, गावात तोंड दाखवायचं नाही. एवढंसं पत्र, आणि त्यात किती वेळा 'नको'! माझं उत्तर तयार आहे, पण ते तुला शेवटी मिळेल. आधी मांसाचं ऐकून घे. ते शिकण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला आणि इथं कौतुकानं ऐकणारं कुणी नाही.

पहिली बातमी म्हणजे तुझ्या बाबांची मांस धुरावर शिजवायची भट्टी मी घरी आणली. ते गेल्यावरही ती चर्चच्या हॉलमागंच उभी होती. दरवर्षी जत्रेच्या जेवणासाठी बाबा ती द्यायचे, म्हणून कमिटीला वाटायला लागलं होतं की ती त्यांचीच. तेलविहिरीचा जुना पाइप कापून, रात्रंदिवस वेल्डिंग करून ती कुणी बनवली, हे सगळे सोयीनं विसरले. मे महिन्याच्या बैठकीत मी म्हटलं, यंदा माझ्या एमिलच्या भट्टीवर मी उभी राहणार. एर्विन कुबेना अध्यक्ष आहे, त्याला हसू आवरेना. "अल्बिना, तू आपली नूडल्स बघ. आगीपाशी बायकांचं काय काम?" सगळे हसले. तेवढं मी गिळलंही असतं, जन्मभर गिळतेच आहे. पण मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि हे बघ, डॅरेल सुटून आला तर जत्रेला आणू नकोस. लोकांना घास उतरायचा नाही."

डॅरेल, हे म्हणण्याचा त्याला हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. त्याच्या पोराचा, डेनिसचा, पाय तुझ्या गाडीखाली गेला. पण हक्क त्याचा असला तरी भट्टी माझी होती. मी उठले, बाहेर जाऊन पिकअप मागं घेतली, भट्टीचा ट्रेलर जोडला आणि घेऊन आले. बायकांना ट्रेलरपाशी गाडी मागं घेता येत नाही म्हणणारे सगळे हॉलच्या पायऱ्यांवर उभे राहून बघत होते. निघताना फाटकाचा एक खांब वाकला. तो मी मुद्दाम वाकवला, असं मी सगळ्यांना सांगते.

आणली खरी, पण पुढं काय? बाबांनी इतकी वर्षं मांस केलं आणि कधी एक शब्द सांगितला नाही. विचारलं की झाकणावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "बरी आहे." बरी म्हणजे किती, ते काही सांगायचे नाहीत. म्हणून मी दुकानातून थर्मामीटर आणले, एक भट्टीला, एक मांसात खुपसायला. पहिल्या वेळी सगळं छान चाललं होतं. भट्टी अडीचशे अंश फॅरनहाइटवर, मांसाचा काटा हळूहळू चढतोय. एकशे साठला आला आणि अडला. तो हलेचना. मी झाकण उघडून बघितलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. दुपार झाली, काटा तिथंच. मला वाटलं आग मेली, म्हणून चुलीत लाकडं कोंबली. भट्टी साडेतीनशेवर गेली. काटा हलला खरा, पण मांस असं निघालं की त्याचे बूट शिवता आले असते. शेजारच्या कुत्र्यानंही ते अंगणात पुरून ठेवलं.

नंतर कळलं, की ते तिथं अडतंच. सगळ्यांचंच अडतं. आतला ओलावा बाहेर येतो, मांसाला घाम फुटतो, आणि घाम सुटतोय तोवर ते तापत नाही. गवत कापताना आपण घामानं गार होतो ना, तसंच. घाम संपला की काटा आपोआप वर चढतो. झाकण उघडून तोंड घालणाऱ्यामुळं उलट उशीरच होतो. तू म्हणशील, आई आता ह्यावरून मला धीराचा उपदेश करणार. नाही करणार. मांस म्हणजे मांस.

दुसऱ्या वेळी आगीशी शहाण्यासारखी वागले, पण लाकूड ओलं होतं. दिवसभर पांढरा दाट धूर. चव म्हणशील तर राख चाटल्यासारखी. तरी रविवारी मी ते हॉलवर घेऊन गेले, कारण घरी लपवून खाल्लं असतं तर एर्विन जिंकला असता. त्यानं एक तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एमिलच्या भट्टीतून कोळसा काढलास की काय?" मी म्हटलं, "हो, तुझ्यासाठी खास. आणखी वाढू?" त्यानं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी डेनिस आला. मी ओट्यावर बसले होते. त्याच्या ट्रकमध्ये ओकची लाकडं होती, फोडलेली, चांगली वाळलेली. मी उतरवायला उठले तर म्हणाला, "बसा काकू, मला येतं." लंगडत लंगडत एकेक फेरी करून त्यानं सगळी लाकडं भट्टीशेजारी रचली. मला बघवत नव्हतं, पण मी मान वळवली नाही. ते मला बघायलाच हवं होतं. काम झाल्यावर म्हणाला, "धूर पांढरा आला की समजायचं लाकूड खोटं. निळसर, दिसे न दिसेसा हवा. माझे बाबा तुम्हाला सांगणार नाहीत." मग गाडीत बसताना म्हणाला, "जमलं तर जाड टोकाचे दोन काप माझ्यासाठी ठेवा. पण डॅरेलला भेटायला मी येणार नाही." मी म्हटलं, "येऊ नकोस. काप ठेवीन."

परवा तिसरं केलं. जाडं मीठ आणि भरडलेली मिरी, दुसरं काही नाही. जे लोक साखर चोळतात त्यांच्याशी मला बोलायचं नाही. पहाटे पेटवलं, झाकण लावलं आणि भट्टीकडं पाठ करून पेकनचे दाणे सोलत बसले. काटा अडला, मी सोलत राहिले. वरची साल काळी खरपूस झाली तेव्हा खाटकाच्या तपकिरी कागदात घट्ट गुंडाळलं आणि परत ठेवलं. संध्याकाळी काटा दोनशेच्या पुढं गेला. पुस्तकं म्हणतात दोनशे तीनला काढा. मी लोखंडी सळई खुपसली, तर पातळ टोकाला अजून अडत होती. थांबले. पुन्हा खुपसली तेव्हा लोण्यात शिरावी तशी गेली. तेव्हा मला बाबांचं 'बरी आहे' कळलं, आणि त्यांचा रागही आला, की एवढंच तर सांगायचं होतं!

आता नीट वाच, कारण मला खरं शिकायचं होतं ते इथून पुढं. ब्रिस्केट काढल्यावर लगेच कापायचं नसतं. कापलं की रस फळीवर वाहून जातो. मी ते रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलं. आपला ओव्हन एकशे सत्तरच्या खाली येत नाही, म्हणून दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवली. सकाळी बर्फ ठेवायच्या रिकाम्या पेटीत उकळतं पाणी ओतलं, पेटी तापल्यावर पाणी फेकून दिलं, आणि मांस जुन्या टॉवेलांत गुंडाळून आत ठेवलं. मग ती पेटी पिकअपमध्ये घातली आणि कोलंबस गावापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर गाडी तशीच रस्त्याकडेला उभी केली आणि दुपार टळू दिली. डेनिस तिथून जात होता. "काकू, मांसाला फिरायला नेलंत?" मी म्हटलं, "त्याला गाडी लागते का ते बघतेय." ऊन कललं तेव्हा पेटी उघडली. काटा अजून दीडशेच्या आसपास होता आणि कागद सोडताना बोटं भाजली. मी तिथंच गाडीत बसून रडले, आणि मग चांगले चार काप खाल्ले.

बाबांच्या अंत्यविधीला तुला सोडलं नाही, त्याचा मला अजून राग आहे. तो मी ह्या जन्मी सोडणार नाही. साहेब, तुम्ही वाचताय ना, वाचा. शेवटच्या आजारात ते घोटभर पाणीही नको म्हणायचे, पण तुझं नाव निघालं की म्हणायचे, "पोरगा सुटला की पहिलं जेवण माझ्या भट्टीतलं." आणि एक ऐक. तू दारू पिऊन गाडी चालवलीस. डेनिस जन्मभर लंगडणार. ह्यावर मी पांघरूण घालत नाही, आणि कुणाला घालू देणार नाही. पण कोर्टानं दिली ती शिक्षा तू पुरी भोगलीस. तिच्यावर वरकड शिक्षा ठोठावणारी एर्विनची कमिटी कोण? आणि मिडलँडची बस धरून स्वतःला हद्दपार करणारा तू तरी कोण?

तर तुझ्या 'नको'चं उत्तर असं, की मी येणार. उन्हाळा लागला तेव्हाच तिथल्या ऑफिसात फोन करून विचारलं होतं, सुटायच्या दिवशी पोराला किती वाजता सोडता? बाई म्हणाली, सांगता येत नाही, सकाळी सोडतील नाही तर दुपारी, तुम्ही उगाच ताटकळाल. म्हटलं, ताटकळेन. मग विचार केला, दार कधी उघडेल ह्याचा पत्ता नाही आणि पोराला गरम वाढायचं आहे, असं कुठलं जेवण आहे जे इतकं थांबतं? एकच सुचलं. म्हणून हा उन्हाळाभराचा खटाटोप, आणि म्हणून हे पत्र. आपली हिरवी पिकअप रस्त्यापलीकडं उभी असेल. पेटीत ब्रिस्केट असेल, अख्खं, कारण कापलेलं थांबत नाही. पाव आहे, कांदा आहे, लोणच्याची काकडी आहे आणि बाबांची लांब सुरी आहे. (साहेब, सुरी रस्त्यापलीकडंच राहील.) तुला बस धरायची तर धर, स्टँड तिथून चालत जाण्यासारखं आहे, मी हातापाया पडणार नाही. पण आधी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून जेवायचं, आणि पहिला काप तू कापायचा. डेनिसचे दोन काप मी जाड टोकाकडून काढून, कागदात बांधून ठेवीन. ते त्याच्या दारापर्यंत कुणी न्यायचे, ते तू ठरव.

तुझीच,
तुझं 'नको' न ऐकणारी
आई