बाबा, याला हात लावू नका

प्रिय स्नेहल,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझी आई समोर अंबाडीची भाजी निवडते आहे आणि दर दोन मिनिटांनी मला टोचते आहे, की कायले कागद खराब करून राहिले, सरळ फोन करा ना. तिला काय सांगू? फोनवर माझा आवाज चढतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? कागदावर चढला तर निदान खोडता येतो.

बातमी अशी की आपल्या झेरॉक्स-दाखल्यांच्या दुकानातला कॉम्प्युटर मागच्या आठवड्यात मेला. बटन दाबलं की आत पंखा फिरे, पण पडदा काळाच. ऐन अ‍ॅडमिशनचे दिवस, अर्धं कुडवा गाव दाखल्यांसाठी दारात उभं. गोंदियाहून गुड्डू मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पेटी उघडली, आत फुंकर मारली आणि मदरबोर्ड गेल्याचं जाहीर केलं. वर सहज म्हणतो, "काका, नया बोर्ड डालके नई विंडो मार देते हैं, एकदम साफ." साफ म्हटल्याबरोबर माझं डोकं फिरलं. काऊन साफ करतोस रे? तो म्हणे, तुमच्या फाइली काढून ठेवतो ना. म्हटलं, फाइली नाही बाबू. जे जिथं आहे ते तिथंच दिसलं पाहिजे.

त्याला काय ठाऊक, त्या पडद्यावर काय काय आहे ते. राईस मिल बंद पडली तेव्हा आयुष्यभर वजनकाट्यावर उभा राहिलेला तुझा बाप माऊस धरायला घाबरत होता. तू एकेक फोल्डर करून त्यांना नावं दिलीस. 'बाबा, आधी हे उघडा.' 'बाबा, जातीचे दाखले इथे.' आणि कोपऱ्यातलं ते एक, 'बाबा, याला हात लावू नका.' खोटं नाही सांगत, आजवर लावला नाही. या सगळ्यांच्या मागे, पडदाभर, चिचगडच्या मामाच्या अंगणातला फोटो, त्यात तुझी आई मोहफुलांची टोपली घेऊन डोळे मिटलेली. रोज सकाळी शटर उघडून मी आधी तेच वाचतो. तू गेल्यापासून माझ्याशी तेवढंच बोलतेस.

गुड्डू आधी कुरकुरला. जुन्या बोर्डावरची विंडो नव्यावर उठेलच याचा भरवसा नाही, असं म्हणाला. पण पोरगा कामाचा निघाला. नागपूरहून त्याच जातकुळीचा बोर्ड मागवला. जुनी हार्डडिस्क पहिल्यांदा दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवून घेतली, मग नव्या बोर्डाला जोडली आणि बटन दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरत राहिले. एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मी तिकडे पाठ करून झेरॉक्सचे कागद सारखे करत होतो. गुड्डू ओरडला, "काका, देखो!" वळून पाहतो तर तुझी आई तशीच डोळे मिटून उभी, आणि बाजूला तुझी सगळी नावं. गुड्डूसमोर रडलो. आता तो गोंदियाभर सांगत फिरणार, फिरू दे.

तरी एक लफडं राहिलंच. पडद्याच्या कोपऱ्यात आलं की विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. बोर्ड बदलला म्हणून विंडोज आपल्या मशीनला ओळखत नाही, आणि जुनी ओळख तर तुझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. गुड्डूनं त्या खात्यात शिरायला कोड मागवला. तुझा नंबर आला, शेवटचे दोन आकडे सोडून बाकी सगळ्या चांदण्या. मंगळवारी दुपारी तुझ्या मोबाईलवर दोनदा कोड आला असेल. कोणी चोर आहे समजून घाबरली असशील. तो चोर मी होतो. तुझा नंबर काढून फोन हातात धरून बसलो आणि कोडची वेळ निघून गेली. दुसऱ्यांदाही तेच. गुड्डू दुसरा काही जुगाड करतो म्हणाला, मी नको म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी, रायपूरची नोकरी लागल्याचं सांगायला तू पेढे घेऊन आलीस, तेव्हा दुकान भरलेलं होतं. भर लोकांत मी म्हणालो, तू काय, बटनं दाबणारी, दुकान तर माझ्या नावावर चालते. पेढ्याचा पुडा काउंटरवर ठेवून तू गेलीस. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर आई एकटीच आली. मी घरात झोपल्याचं सोंग करून पडलो होतो. चुकलो, पोरी. दुकान तू उभं केलंस, मी नुसता त्यात बसलो. मला माफ कर.

पत्र लिहिलं ते यासाठी. कोड पत्रातून पाठवू नकोस, तो दहा मिनिटांतच बाद होतो. फोनवर सांगता येतो, एवढं आता मलाही समजतं. पण मला नुसता कोड नको. तू ये, तुझ्या खुर्चीवर बस आणि तुझ्या हातानं टाक. गाडी कोणती ते आईला कळव. दुकान बंद ठेवून मी स्टेशनवर येईन. या वेळी येईन.

तुझाच,
अजूनही त्या कोपऱ्याला हात न लावलेला
बाबा