उत्तरतालिकेवर माझ्या हरकती

१ मार्च, रविवार

जे घडलं ते असं.

१. सांडू सरांच्या अभ्यासिकेत आज चालू घडामोडींची सराव परीक्षा झाली.
२. प्रश्न पन्नास. माझे बरोबर एकोणीस.
३. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या अरफाचे एक्केचाळीस.
४. सरांनी दोन्ही आकडे सगळ्यांसमोर वाचले.
५. मी पाणी प्यायले.

निष्कर्ष: प्रश्नपत्रिका सदोष. राज्यसेवेच्या तयारीसाठी नोकरी सोडण्याआधी मी चिकलठाण्याच्या कंपनीत तीन वर्षं क्वालिटीला होते. निम्म्याहून जास्त नग नापास व्हायला लागले, की आधी मोजमापाचा गेज तपासायचा असतो.

एकतीस हरकती लिहून सरांच्या टेबलावर ठेवल्या. खाली स्पष्ट लिहिलं: लेखी उत्तर बुधवारपर्यंत द्यावे.

४ मार्च, बुधवार

उत्तर नाही. हरकतींवर चहाचे ग्लास ठेवलेले दिसले. विचारलं तर सर म्हणाले, "पोरी, तू पेपर द्यायला येती का तपासायला? आन् 'द्यावे' काय? खाली विनंती तरी लिही. मी काय तुझा सप्लायर हाय का?"

सगळे हसले. हे उद्याचे तहसीलदार. पुंडलिकनगरच्या एका हॉलमध्ये एवढे एकत्र पाहून राज्याची काळजी वाटते.

मुदतीत उत्तर आलं नाही, म्हणजे हरकती मान्य. माझे गुण पन्नास धरले.

८ मार्च, रविवार

पद्धत ठरली. चार वर्तमानपत्रं, दोन सरकारी संकेतस्थळं, रोज कात्रणं, विषयवार फाइली, रंगीत चिठ्ठ्या.

अरफाकडे एकच मासिक. मुखपृष्ठ गळून पडलेलं. गच्चीवर फेऱ्या मारत ती तेच मोठ्यानं वाचते. ही तिसरी खेप. कंटाळा येत नाही का, असं विचारलं. म्हणाली, येतो ना, पण पेपरात बसून डोकं खाजवायचा जास्त येतो.

एकदा वाचलेलं पुन्हा वाचणं म्हणजे पहिल्यांदा नीट वाचलं नाही याची कबुली. मी नीट वाचते.

१५ मार्च, रविवार

सराव परीक्षा. सतरा. हरकती तेहतीस.

एक मान्य झाली. छपाईत पर्याय 'क' दोनदा आला होता. सरांनी सगळ्यांना एक-एक गुण दिला. पद्धत सिद्ध झाली. अरफाचाही एक वाढला, ते गैर आहे. तिनं काही मेहनत घेतली नव्हती.

२९ मार्च, रविवार

जुन्या कंपनीच्या वाघचौरे साहेबांचा मेल. क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाली आहे, एप्रिलअखेरपर्यंत धरून ठेवतो, परत यायचं का? सोबत पदाचं वर्णन. त्यात दोन तांत्रिक चुका होत्या. त्या दाखवून मेल परत पाठवला. जागेबद्दल काही लिहिलं नाही. अधिकारी होणाऱ्या माणसाला पर्याय लागत नाहीत.

रात्री गावाहून, कन्नडहून, वडिलांचा म्हणजे आण्णांचा फोन. हे शेवटचं वर्ष, पूर्वपरीक्षा निघाली तर पुढचं बघू, नाहीतर नोकरी, हे आपलं ठरलंय ना, असं त्यांनी पुन्हा विचारलं. ठरलंय. मग सराव कसा चाललाय? मी सांगितलं, प्रश्नांचा दर्जा फार खराब आहे.

आण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. म्हणाले, "बाई, मी तीस वर्षं काट्यावर बसलो. ज्याचं वजन कमी भरलं, त्यानं काट्यालाच शिव्या दिल्या. ट्रॉलीकडं वळून बघितलेला एक माणूस नाय भेटला."

आण्णा अलीकडे मूळ विषय सोडून बोलतात.

१२ एप्रिल, रविवार

अरफानं सुचवलं, संध्याकाळी गच्चीवर एकमेकींना प्रश्न विचारू. एक दिवस गेले. तिनं एका योजनेची सुरुवातीची तरतूद विचारली. मी म्हटलं, चार स्रोतांत चार आकडे आहेत, कारण प्रत्येकाचा आधार वेगळा. ती म्हणाली, "सोनिया, चारी नको. एक सांग."

एकही आठवला नाही. उन्हाचा त्रास होता. सहा वाजले होते, पण एप्रिल आहे.

तिनं वाचायला त्याच मासिकाचे जुने अंक दिले. लाल पेनानं चुका दाखवून दुसऱ्या दिवशी परत केले. पानं उलटत म्हणाली, "लाल तर लई केलंस. वाचलंस का पण?"

गच्ची बंद.

३ मे, रविवार

उद्यापासून उजळणी. आज फक्त चिठ्ठ्यांचे रंग बदलले. पर्यावरण आणि शेती दोन्ही हिरवे होते.

१७ मे, रविवार

उजळणी उद्यापासून. एप्रिलची कात्रणं आज लावून झाली.

साहेबांच्या मेलचं आण्णांना सांगून बसले होते. त्यांनी विचारलं, त्या साहेबांना हो-नाही काही कळवलंस का? मुदत संपली, म्हटलं. बरं, म्हणाले. त्यांचं 'बरं' मला आवडत नाही.

३० मे, शनिवार

उद्या पेपर. सगळ्या फाइली पूर्ण. अभ्यासिकेत एवढा व्यवस्थित संग्रह कुणाकडे नाही. उजळणी राहिली, पण फाइली उत्तम असल्यावर त्या उघडाव्या लागत नाहीत.

३१ मे, रविवार

पेपर झाला. दर्जा सरांच्या पेपरासारखाच.

९ जून, मंगळवार

आयोगाची पहिली उत्तरतालिका आली. हरकती पुराव्यासह मागवल्या आहेत. शेवटी कुणीतरी रीतसर मागितल्या.

चालू घडामोडींत माझी अकरा उत्तरं तालिकेशी जुळत नाहीत. अकराही हरकती करायच्या. पुरावे फाइलींत आहेत.

११ जून, गुरुवार

पुराव्यासाठी फाइली उघडल्या.

पहिला प्रश्न: कात्रण सापडलं. माझ्याच हातची तारीख, माझीच बरोबरची खूण. उत्तर आयोगाचं.

दुसरा: तेच. चौथ्यात मी महत्त्वाच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. आयोगाचं उत्तर त्या रेघांवर होतं. अकराव्यापर्यंत असंच.

एकही हरकत होत नाही. फाइली निर्दोष आहेत.

एक नोंद: या फाइली दुसऱ्यांदा उघडण्याची ही पहिलीच वेळ. आता अकराही उत्तरं पाठ आहेत.

१४ जून, रविवार

तालिकेप्रमाणे अरफाचे गुण गेल्या वर्षीच्या कटऑफच्या बरेच वर आहेत. माझे बरेच खाली. ती मुख्य परीक्षेच्या तयारीला लागली. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन, अडखळत तिनं विचारलं, तुला लागत नसतील तर त्या फाइली मी घेऊ का. दोघी मिळून तिच्या गाडीवर बांधल्या. ती म्हणाली, यार, कसल्या भारी आहेत, तीनदा तरी वाचीन.

सांडू सरांना टेबलाची चावी दिली. त्यांनी चहा मागवला.

संध्याकाळी आण्णांना फोन केला. आकडे सांगितले. त्यांनी एवढंच विचारलं, "काटा बरोबर होता का मग?"

मी म्हटलं, "व्हय."

नंतर मेल लिहिला. कच्चा मजकूर इथं ठेवते.

मा. वाघचौरे साहेब,

मार्चमध्ये आपण कळवलेली क्वालिटी इंजिनिअरची जागा अजून रिकामी आहे का? असल्यास मी लगेच रुजू होऊ शकते. त्या वेळी आपल्या वर्णनात मी दोन चुका दाखवल्या होत्या. आज पुन्हा वाचलं. त्यांतली एक मुळात चूक नव्हती.

उत्तर शुक्रवार, १९ जूनपर्यंत मिळावे, ही विनंती.