दोरीवरचे ओले कपडे

१४ नोव्हेंबर

ती. वन्सं,
नमस्कार. तुमचं पत्र आणि सोबतचा तक्रारअर्ज पोचला. तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल. मी ठीक आहे. यांच्या शेडची किल्ली मालकाला परत दिली. हत्यारं पुसून, तेल लावून ठेवली आहेत. पान्ह्यांची पेटी तुमच्या थोरल्याला हवी असेल तर कळवा.

अर्ज दोनदा वाचला. ‘डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे’ असं तुम्ही लिहिलं आहे. सही करायला बसले, आणि सहीऐवजी हे पत्र लिहायला घेतलं.

काविळीने यकृत अधू झाल्यावर यांनी तुम्हाला शब्द दिला होता, की पाण्यात उतरणार नाही, शेडमध्ये बसून इंजिनंच दुरुस्त करीन. तो त्यांनी पाळला नाही. आठवड्यातून एकदा तरी बोटीखाली जायचे. ओले कपडे मीच मागच्या दारी वाळत घालायचे. “ताईला कळलं तर मलाही याच दोरीवर टांगेल,” म्हणायचे. मीही हसायचे.

त्या शनिवारी बोटीच्या पंख्यात अडकलेला दोर सोडवताना तळाला चिकटलेल्या शिंपल्याने नडगी कापली. नखाएवढी जखम. तिथल्याच पाण्याने धुतली. रविवारी सकाळी पाय सुजला, दुपारपर्यंत काळपट फोड आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो तुम्हीही ऐकलात.
“समुद्राच्या पाण्यात गेला होतात का?”
तुम्ही उशाशी उभ्या होतात. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “नाही हो, घरात पत्रा लागला.”
“आमचा धाकटा शब्द मोडायचा नाही,” तुम्ही म्हणालात.

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तपासणीत खाऱ्या पाण्यातले जंतू निघाले. तोवर विष रक्तात भिनलं होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. “काल का नाही सांगितलंत? औषधं कालच बदलली असती.” मी फक्त हात जोडले, वन्सांना सांगू नका म्हणाले. म्हणून ते तुमच्यापाशी बोलले नाहीत.

हे वाचले असते का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण त्यांनी वेळेवर विचारलं होतं.

अर्ज सही न करता परत पाठवते आहे. डॉक्टरांच्या नावाच्या जागी माझं नाव घातलंत तर मी नाही म्हणणार नाही.

उत्तर पाठवा, असं या वेळी म्हणवत नाही.

तुमची भावजय